यतीम मुलाचा अर्ज कोण भरणार?

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आमच्या मोहल्ल्यात दरवर्षी एक यादी निघते. मशिदीच्या कमिटीतले दोघे-तिघे ती घेऊन फिरतात. बेवा, यतीम, आजारी, कर्जात बुडालेले अशी नावे आणि प्रत्येक नावापुढे एक रक्कम. यंदाच्या यादीत एका दादीचे नाव होते. तिचा मुलगा तीन वर्षांपूर्वी अपघातात गेला. सुनेचे माहेरच्यांनी दुसरे लग्न लावून दिले. सात वर्षांचा नातू दादीकडे राहिला. दादीला दोन हजार रुपये, शिधा आणि नातवासाठी ईदचे कपडे मिळाले. देणाऱ्यांनी मनापासून दिले, त्याबद्दल शंका नाही.

त्याच आठवड्यात मी दादीला विचारले, "नातवाच्या बालसंगोपनाचे पैसे येतात ना?"

"वो क्या होता है?"

मी सांगितले. तिने ऐकून घेतले आणि हसून म्हणाली, "सरकार हमकू कायकू देगा बेटा? हमारा कोन है वहाँ?"

महाराष्ट्राच्या महिला व बाल विकास विभागाची बालसंगोपन योजना आहे. सावित्रीबाई फुले यांचे नाव आता तिला जोडलेले आहे. आई-वडील नाहीत, किंवा दोघांपैकी एकच आहे आणि त्याला मूल सांभाळणे झेपत नाही, किंवा पालक दुर्धर आजारी आहेत, तुरुंगात आहेत, विभक्त झाले आहेत, अशा मुलाला अनाथाश्रमात न पाठवता घरातच वाढवता यावे म्हणून ही मदत. पूर्वी ती महिन्याला ४२५ रुपये होती, मग ११०० झाली, आणि २०२३ पासून २२५० रुपये आहे. वयाच्या १८ वर्षांपर्यंत.

आता साधा हिशेब करा. बाप गेल्यानंतर लगेच अर्ज झाला असता आणि मंजूर झाला असता, तर तीन वर्षांत या मुलाच्या नावावर ८१ हजार रुपये आले असते. आपण तीन रमजानमध्ये त्याला सहा हजार दिले. आज तो सात वर्षांचा आहे. १८ पूर्ण होईपर्यंत अकरा वर्षांचे २ लाख ९७ हजार होतात. एवढी रक्कम आमच्या मोहल्ल्याची अख्खी यादी मिळून एका घराला कधी देत नाही, देऊ शकणारही नाही.

हे पैसे वेळेवर येत नाहीत, निधी नाही म्हणून महिनोन्महिने थकतात, ही तक्रार राज्यभर आहे आणि ती खरी आहे. पण थकलेल्या पैशासाठी भांडता येते. ज्याचा अर्जच नाही, त्याने कशासाठी भांडायचे?

या अंकात मुलांच्या या हक्काच्या पैशाबद्दल लिहायचे ठरवले, कारण आपल्याकडे या विषयाची चर्चा दोनच टोकांना होते. एक टोक म्हणते, सरकार मुसलमानांना काही देत नाही. दुसरे टोक म्हणते, सरकार मुसलमानांचे लाड करते. मध्ये तो नातू बसला आहे, ज्याला धर्म न विचारता मिळणारी रक्कम मिळालेली नाही. कारण त्याच्या वतीने सही करणारे कोणी नाही.

पहिली अल्पसंख्याक शिष्यवृत्तीची गोष्ट. पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली. ती आता फक्त नववी-दहावीसाठी राहिली. त्या निर्णयाविरुद्ध आपण बोललो, बोलत राहू. पण तेवढ्यावरच आपली सगळी शक्ती गेली. जी योजना अल्पसंख्याक म्हणून नाही, तर मूल म्हणून मिळते, तिच्याकडे आपले लक्ष गेले नाही. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाची मदत महिन्याला ४००० रुपये आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२ हजारांच्या आणि शहरात ९६ हजारांच्या आत हवे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असलेल्या गवंड्याच्या, रंगाऱ्याच्या, फरशीवाल्याच्या दोन मुलांना पहिलीपासून शैक्षणिक मदत मिळते. आपल्यात गवंडी, रंगारी, फरशीवाले किती आहेत हे सांगायला नको. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. संजय गांधी निराधार योजनेत १५०० रुपये आहेत. त्यात बेवा आणि घटस्फोटित स्त्रियांबरोबर अनाथ मुलेही येतात, पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार. वर्षाला २१ हजार म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. एवढ्यात जगणारे घर कसे असते, हे ती मर्यादा ठरवणाऱ्याने एकदा सांगावे.

मुलगी असेल तर लेक लाडकी योजना आहे. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळ्या किंवा केशरी रेशनकार्डाच्या घरातल्या मुलीला जन्मल्यावर ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५ हजार, असे एकूण १ लाख १ हजार. तिला कुटुंबनियोजनाची अट आहे. तिच्यावर आपल्याकडे कुजबुज होते, मोकळी चर्चा होत नाही. ज्याला अट मान्य नाही त्याने अर्ज करू नये, तो त्याचा निर्णय. पण ज्यांची एक-दोनच मुले आहेत, आणि आज आपल्यात अशी तरुण जोडपी भरपूर आहेत, त्यांनीही अर्ज केलेला नसतो. तो कशामुळे राहिला, याचे उत्तर त्यांच्याकडे नसते.

दादीकडे परत येतो. तिच्याबरोबर तीन दिवस फिरल्यावर मला कळले की अडचण अर्जात नाही, अर्जाच्या आधी आहे.

नाव. बापाच्या मृत्यूच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, मुलाच्या आधारवर दुसरे, शाळेच्या बोनाफाइडवर तिसरे. 'शेख' इंग्रजीत किती प्रकारे लिहिता येतो ते मोजून पाहा. कुठे 'मोहम्मद' पूर्ण, कुठे नुसती दोन अक्षरे आणि टिंब, कुठे गायब. दादीचे नाव रेशनकार्डावर 'बी' लावून, आधारवर 'बेगम' लावून. आपल्या घरात ही एकच बाई आहे, हे सगळ्यांना माहीत असते. संगणकाच्या लेखी त्या दोन बाया आहेत. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, म्हणून मंजूर झालेली रक्कमही इथे अडकते. हा दोष एकट्या कारकुनाचा नाही. जन्माची नोंद करताना, शाळेत घालताना, आधार काढताना आपण प्रत्येक वेळी समोरच्याला तोंडी नाव सांगितले आणि त्याने कानाला येईल तसे लिहिले.

जन्मनोंद. २१ दिवसांच्या आत ती फुकट होते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा एकमेव पुरावा हा दाखलाच आहे. आणि २०२५च्या जानेवारीत मालेगावच्या उशिराच्या जन्मदाखल्यांवरून काय वादळ उठले, विशेष तपास पथक कसे नेमले गेले, राज्यभर असे दाखले देणे कसे थांबवले गेले आणि पुढे नियम किती कडक झाले, ते तुम्ही पाहिले आहे. त्या वादळामागचे राजकारण वेगळे, त्यावर या पानावर आधी लिहिले आहे आणि पुन्हा लिहू. पण घरात आज बाळ जन्मले असेल तर अकिक्याची तारीख ठरवण्याआधी नगरपालिकेत जाऊन या. नाव ठरले नसेल तरी नोंद होते, नाव नंतर घालता येते.

मग आली बँक. मुलाचे खाते उघडायचे तर पालक कोण? दादीला सांगितले गेले, "वडिलांना आणा." वडील गेले म्हटल्यावर, "मग आईला आणा." आई दुसऱ्या गावी, दुसऱ्या घरात. तिथल्या नवऱ्याला पहिल्या घरची आठवण नको आहे.

इथे मला आपल्या स्वतःच्या घरात डोकावायला लागले. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यानुसार मुलाचा आणि त्याच्या मालमत्तेचा नैसर्गिक पालक बाप असतो. त्याच्यानंतर त्याने नेमलेला माणूस, मग आजोबा. आईला मिळते ती हिजानत, म्हणजे सांभाळ. हनफी मतानुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत. दूध, ताप, शाळा, डबा हे सगळे आईचे. सही मात्र तिची नाही. आणि दादी-नानीचा तर या क्रमात सहीसाठी विचारच नाही. व्यवहारात रिझर्व्ह बँकेने १९७६ सालीच सांगितले आहे की अल्पवयीन मुलाचे बचत आणि मुदत ठेव खाते आईला पालक म्हणून उघडता येते, आणि २०२५च्या सूचनांतही ते कायम आहे. म्हणून एखाद्या शाखेत तुमच्या बहिणीला "वडिलांची सही लागेल" असे सांगितले, तर नम्रपणे पण ठामपणे शाखा व्यवस्थापकांकडे जा. दहा वर्षांपुढच्या मुलाला बँकेच्या नियमांत बसत असेल तर स्वतःच्या सहीनेही खाते चालवता येते. दादी, चाचा, मामू अशांनी मूल सांभाळले असेल तर मात्र कायदेशीर पालकत्वाचा आदेश असलेला बरा. तो १८९०च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून मिळतो, सर्व धर्मीयांना मिळतो. सुकन्या समृद्धी खात्याच्या बाबतीत तर २०२४मध्ये केंद्राने स्पष्टच केले की आजी-आजोबा कायदेशीर पालक नसतील तर त्यांनी उघडलेली खाती आई-वडिलांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या नावावर करून घ्यावी लागतील.

बालसंगोपनासाठी मात्र न्यायालयापर्यंत जावे लागत नाही. जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात अर्ज, मग घरी येऊन चौकशी, आणि मग बाल कल्याण समितीचा आदेश. समिती मुलाला समोर बोलावून विचारते. दादी या भेटीला फार घाबरली होती. तिला वाटले, मुलाला घेऊन जातील. हा गैरसमज बऱ्याच घरांत आहे, आणि तो खोडल्याशिवाय लोक अर्ज करणार नाहीत. ही योजना मूल घरातून नेण्यासाठी नाही, घरातच ठेवण्यासाठी आहे.

यतीम मुलाचे निदान एक बरे असते. मृत्यूचा दाखला मिळतो. त्याहून अवघड अवस्था आहे ती जिवंत बापाच्या मुलांची.

आमच्याकडे मदत मागायला येणाऱ्या बायकांत निम्म्याहून जास्त अशा असतात ज्यांना नवऱ्याने सोडले आहे, पण कुठलाही कागद नाही. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शायरा बानो खटल्यात एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला, २०१९मध्ये तो गुन्हा झाला. ही लढाई आपल्या बहिणींनी लढली, आपण त्यांच्या बाजूने उभे राहिलो, त्याबद्दल तिळमात्र पश्चात्ताप नाही. पण त्यानंतर काय झाले तेही सांगायला हवे. पूर्वी नवरा तीन वेळा लिहून पाठवत असे. आता तो काहीच लिहीत नाही. बायको-मुलांना माहेरी सोडतो, फोन बंद करतो आणि वर्षभराने दुसरा निकाह करतो. बाईकडे ना तलाकनामा, ना खुलानामा, ना न्यायालयाचा आदेश. योजनेच्या खिडकीवर विचारतात, "घटस्फोटाचा कागद?" जमातीकडे गेली तर जमात म्हणते, तलाक झालेलाच नाही, कागद कसला देऊ? सरकारदरबारी ती सुहासिनी आहे आणि तिच्या मुलांना बाप आहे.

अशा बहिणीने काय करावे? पहिली गोष्ट, बाल कल्याण समितीपुढे खरी परिस्थिती मांडावी. घरी जाऊन चौकशी करण्याची पद्धत आहे ती याचसाठी. शेजारचे, शाळेचे शिक्षक, अंगणवाडी सेविका यांचे म्हणणे तिथे उपयोगी पडते. दुसरी आणि मोठी गोष्ट, मुलांच्या पोटगीचा अर्ज करावा. त्यासाठी तलाक झालेला असण्याची गरज नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. बाप ऐपत असून मुलांना सांभाळत नसेल तर दंडाधिकारी किंवा कौटुंबिक न्यायालय महिन्याची रक्कम ठरवून देते. त्या दाव्यातला आदेश हाच पुढे योजनांच्या खिडकीवर तिचा कागद होतो. आणि तिहेरी तलाक दिलाच असेल, तर २०१९च्या कायद्याच्या पाचव्या कलमात तिच्यासाठी आणि अवलंबून असलेल्या मुलांसाठी निर्वाह भत्ता आहे. तुरुंगाच्या कलमावर देशभर चर्चा झाली. या कलमाचे नाव किती जणांनी ऐकले?

मुलांच्या पोटगीबद्दल अजूनही एक जुना घोटाळा लोकांच्या डोक्यात आहे. शाहबानो प्रकरणानंतर आलेल्या १९८६च्या कायद्यात लिहिले आहे की घटस्फोटित स्त्रीला मुलाच्या जन्मापासून दोन वर्षांपर्यंत त्याच्या सांभाळाचा खर्च मिळेल. यावरून काही वकीलसुद्धा सांगतात की मुसलमान बापाची जबाबदारी दोनच वर्षांची. हे चूक आहे, आणि चूक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्येच सांगितले आहे. नूर सबा खातून यांनी बिहारमधून ही लढाई वर नेली होती. तीन मुले होती. न्यायालयाने म्हटले की दोन वर्षांची तरतूद आईच्या हक्काबद्दल आहे, मुलांचा हक्क स्वतंत्र आहे. मुले सज्ञान होईपर्यंत आणि मुलींच्या बाबतीत लग्न होईपर्यंत बापाने त्यांना पोसले पाहिजे. शाहबानो यांचे नाव प्रत्येकाला ठाऊक आहे. नूर सबा यांचे नाव आपल्या शिबिरांतसुद्धा कुणी घेत नाही. मुलांच्या दृष्टीने पाहिले तर तो निकाल कमी मोलाचा नाही.

आता थोडे कराबद्दल, कारण आमच्या वाचकांत पुण्या-मुंबईत, नाशिक-औरंगाबादेत नोकरी करणारे बरेच आहेत आणि मार्च आला की विचारतात, मुलांचे काय दाखवता येते?

खरे सांगायचे तर आता फारसे काही नाही. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात मुलांच्या फीची वजावट नाही. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला २०२५-२६ पासून सवलतीमुळे करच लागत नाही, म्हणून बहुतेकांचा प्रश्न तिथेच संपतो. ज्यांनी घराच्या कर्जामुळे वगैरे जुनी प्रणाली निवडली आहे, त्यांना १९६१च्या कायद्याच्या कलम ८० सी खाली दोन मुलांची शिकवणी फी दीड लाखाच्या एकूण मर्यादेत दाखवता येते. देणगी आणि विकास निधी त्यात धरत नाहीत. आई आणि बाप दोघेही कर भरत असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र मर्यादा आहे. घरात दिव्यांग मूल असेल तर ८० डीडी खाली ७५ हजार, अपंगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर सव्वा लाख. यात भाऊ-बहीणही येतात, हे पुष्कळांना माहीत नसते. दिव्यांग भावाला सांभाळणाऱ्या तरुणाने ते पाहावे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१च्या कायद्याच्या जागी २०२५चा आयकर कायदा, त्यामुळे कलमांचे आकडे वेगळे. आपल्या सल्लागाराला विचारताना आकडा नव्हे, विषय सांगा.

पण या सगळ्या कलमांत 'मूल' म्हणजे स्वतःचे मूल. भावाच्या यतीम मुलाची फी तुम्ही पहिलीपासून भरत असाल तरी करखात्याच्या लेखी ते मूल तुमचे नाही. आपल्याकडे यतीम मूल चाचाकडे, मामूकडे, दादीकडे वाढते. पैगंबर साहेबांना आधी दादाने आणि मग चाचाने वाढवले, हे प्रत्येक मदरशातल्या मुलाला पाठ असते. हिंदू अविभक्त कुटुंबाला कर कायद्यात स्वतंत्र करदाता म्हणून स्थान आहे. त्या कुटुंबाला आरोग्य विम्यासारखी वजावट कुटुंबातल्या कोणत्याही सदस्यासाठी मिळते. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी यांना ही सोय नाही. मला ती सोय मुसलमानांसाठी मागायची नाही. केरळने तर १९७५मध्ये कायदा करून अविभक्त कुटुंबाची पद्धतच बंद केली, आणि धर्मावर आधारलेली कर सवलत कोणालाच नसावी असे माझे मत आहे. मागायचे ते एवढेच की न्यायालयाने पालक नेमलेल्या माणसाला, कुठल्याही धर्माचा असो, त्या मुलाच्या फीची आणि विम्याची वजावट मिळावी. ही मागणी आपण हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती शेजाऱ्यांबरोबर करू शकतो, कारण त्यांच्याही घरी अशी मुले आहेत.

तोपर्यंत एक वाट आहे. चाचाने किंवा मामूने पुतण्याला-भाच्याला दिलेल्या रकमेवर घेणाऱ्याला कर लागत नाही. आई-वडील दोघेही नसतील तर त्या पैशावरचे उत्पन्न मुलाच्याच नावे धरले जाते, आणि ते करमर्यादेच्या फार खाली असते. आई हयात असेल तर मात्र ते तिच्या उत्पन्नात मिळवतात. मुलाच्या नावाने पॅन काढून ठेवा, म्हणजे पुढे कागद विस्कटत नाहीत. व्याज नको असे ज्यांना वाटते त्यांनी मुदत ठेवीऐवजी दुसरा मार्ग शोधावा. पण व्याज नको म्हणून मुलाच्या नावावर काहीच न ठेवणे, हा त्यावरचा उपाय नव्हे.

आणि याच संदर्भात एक गोष्ट, जी बोलायला आपल्याला अवघड जाते. दादीचे जे छोटे घर आहे ते तिच्या नवऱ्याच्या नावावर, आणि तो दादा अजून जिवंत आहे, अंथरुणाला खिळलेला. त्याला आणखी एक मुलगा आहे. दादा उद्या गेला, तर वारसा दादीला आणि त्या मुलाला. यतीम नातवाला काही नाही. बाप आजोबाआधी गेला आणि दुसरा मुलगा हयात असला, की नातू वारशातून वगळला जातो, त्याला महजूब म्हणतात. ज्या मुलाला सगळ्यात जास्त गरज, त्याचा हिस्सा शून्य. इजिप्तने १९४६मध्ये सक्तीच्या वसियतची तरतूद करून यावर तोडगा काढला. पाकिस्तानने १९६१च्या अध्यादेशाने मृत मुलाचा हिस्सा त्याच्या मुलांना दिला. भारतात आपण शरियत वाचवायच्या मोर्च्यांत इतके गुंतलो की या मुलांसाठी साधा ठरावही करायचा राहिला. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आज दादा शुद्धीत आहे तोवर तो एक तृतीयांशापर्यंत वसियत नातवाच्या नावे करू शकतो, किंवा हयातीत हिबा करू शकतो. त्याला कोणताही उलेमा हरकत घेणार नाही. पण कुणी त्या चाचाच्या समोर हा विषय काढायचा?

मी काढला. चाचा गप्प बसला. मग म्हणाला, "मी काय त्याला उपाशी ठेवणार आहे का?" तो वाईट माणूस नाही. नातवाला शाळेत तोच सोडतो. पण त्याला तीन मुले आहेत, आणि घर एकच खोलीचे आहे.

आमच्या तरुण वाचकांना एक काम सांगतो. मोहल्ल्याची जकातीची यादी मागून घ्या. ती लोकांची लाज आहे, फोटो काढून फिरवू नका. तिच्यातली अठरा वर्षांखालची मुले वेगळी काढा. एकेका मुलाजवळ तासभर बसा: जन्मदाखला, बापाचा मृत्यूदाखला, आधार, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. सगळीकडे नाव सारखे आहे का ते पाहा, नसेल तर पहिल्यांदा तेच दुरुस्त करा. मग जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जा. पत्ता सापडत नसेल तर १०९८ला फोन करा. जो पोरगा दिवसभर मोबाइलवर असतो आणि ज्याला घरचे बेकार म्हणतात, त्याला या कामात घ्या. अर्ज भरण्यात तो तुमच्या-माझ्यापेक्षा हुशार असतो. कमिटीवाल्यांनाही सांगा की जकातीच्या पैशातून एखाद्या बाईचा जिल्ह्याला जायचा एसटीचा खर्च आणि तिचा बुडलेला रोज दिला, तर ते दोन हजारांच्या किटपेक्षा जास्त पोहोचते. मुलींनी या कामात पुढे यावे, कारण ज्या घरात फक्त बायका आहेत तिथे त्यांनाच आत जाता येते.

दादीच्या नातवाचा अर्ज गेल्या महिन्यात दिला. आधारमधले नाव दुरुस्त होऊन आले आहे, खाते उघडले आहे, घरचौकशीला एक ताई येऊन गेल्या. त्यांनी मुलाला विचारले, मोठा होऊन काय होणार? तो म्हणाला, ड्रायव्हर. त्याचा बाप ड्रायव्हर होता. समितीपुढची तारीख पुढच्या मंगळवारची मिळाली आहे. दादीला गुडघ्यामुळे जिना चढवत नाही, म्हणून आमच्यातले दोघे बरोबर जाणार आहेत.